फुंकतो कोण आणि नाव कोणाचं

नमस्कार मंडळी. मागे आवाज पोचतोय ना? बरं.

तर सुरुवात एका नावापासून करतो. एनियन. पहिल्या शतकातला माणूस, म्हणजे आपल्याकडे पैठणला सातवाहन राज्य करत होते तेव्हाचा, आणि गाव बहुधा सिडोन, आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचं. ह्याची काचेची भांडी, सुरया, पेले, वाडगे, साच्यात फुंकलेली असायची आणि साच्यातच ग्रीक अक्षरं कोरलेली असल्यामुळे भांड्यावर आपोआप नाव उमटून यायचं, "एनियनने केलं", आणि काही भांड्यांवर दुसऱ्या बाजूला "विकत घेणाऱ्याची आठवण राहो". गिऱ्हाईक कसं सांभाळावं हे ह्या माणसाकडून शिकावं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१४ साली ह्याच्या भांड्यांचं खास प्रदर्शन भरवलं होतं. पण अभ्यासकांना विचारा की एनियन नक्की काय करायचा, तर त्यांच्यात एकमत नाही. तो स्वतः फुंकायचा? का साचे कोरायचा? का नुसता मालक होता, नळीला तोंडही न लावलेला, आणि फुंकणारे दुसरेच कोणी होते ज्यांची नावं कशावरच नाहीत?

मला आज ह्याच भानगडीवर बोलायचंय. पत्रिकेत "काचेची कला आणि कलाकार" असं छान छापलंय, पण फुंकलेल्या काचेत कलाकार म्हणायचं कोणाला ह्याचा घोळ तेव्हापासून चालू आहे तो आजपर्यंत मिटलेला नाही, आणि माझ्या मते तो मिटत नाही कारण हे काम मुळात एकट्याचं नाहीच.

काच स्वतः फार जुनी, इजिप्त आणि मेसोपोटेमियात फुंकण्याच्या कितीतरी शतकं आधीपासून काचेची भांडी होत होती, पण ती कशी, तर सळईवर मातीचा गाभा करायचा, त्याच्याभोवती वितळलेली काच गुंडाळायची, थंड झाली की आतली माती खरवडून काढायची. चिकाटीचं काम, त्यामुळे ती भांडी राजघराण्यात आणि देवळात. फुंकायची युक्ती आली ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात, सीरिया-पॅलेस्टाइनच्या पट्ट्यात. जेरुसलेमच्या उत्खननात त्या काळच्या काच कारागिरांचा टाकाऊ माल सापडलाय, त्यात काचेच्याच पोकळ नळ्या आहेत आणि काहींचं टोक बंद करून फुगवलेलं आहे, म्हणजे कोणीतरी तिथे बसून करून बघत होतं. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत चित्र इतकं पालटलं की स्ट्रेबो नावाचा भूगोलकार लिहून ठेवतो, रोममधे काचेचा पेला एका तांब्याच्या नाण्याला मिळतो. एका नळीने काच राजवाड्यातून बाजारात आणली.

बरं आता ते करतात कसं ते सांगतो, आणि जरा सावकाश सांगतो, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर उभं आहे.

वाळू, सोडा आणि चुना, साधारण हा मसाला. तो भट्टीत चौदाशे डिग्रीच्या आसपास रात्रभर वितळवतात आणि सकाळी कामाला घेताना तापमान अकराशेच्या जवळ उतरवतात. त्या वेळी काच पाकासारखी असते, दोनतारी पाक म्हणा, तार धरते पण ओघळते. फुंकनळी म्हणजे चार-पाच फुटांची पोकळ लोखंडी नळी, तिचं टोक आधी तापवायचं, मग भट्टीत घालून फिरवत फिरवत काचेचा गोळा गुंडाळून उचलायचा. आणि ह्या क्षणापासून नळी फिरवणं थांबत नाही. थांबलात की गोळा एका बाजूला लोंबला. नवीन पोरांना पहिले काही महिने हेच जमत नाही, बोलता बोलता हात थांबतो, इकडे काच जमिनीवर.

मग तो गोळा लोखंडी ओट्यावर लाटतात, त्याने बाहेरची कातडी थोडी घट्ट होते. मग नळीत एक छोटीशी फुंकर मारून लगेच तोंडावर अंगठा दाबून धरायचा. आत अडकलेली हवा तापते, प्रसरण पावते आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला गोळ्याच्या पोटात बुडबुडा उमलतो. म्हणजे जोर लावून फुंकायचं नसतंच, सिनेमात दाखवतात तसे गाल फुगवून वगैरे काही नाही. त्याच्यावर परत काचेचा दुसरा थर, मग पाण्यात भिजवलेल्या लाकडी पळ्यात गोळा फिरवून गोल करायचा, आणि मग माझी सगळ्यात आवडती वस्तू, ओलं वर्तमानपत्र. पाच-सहा पानं घडी घालून पाण्यात बुडवून तळहाताएवढी गादी करतात आणि त्या गादीवर कारागीर सरळ हाताने काच घडवतो. मधे फक्त ओला कागद आणि त्याची वाफ. कागद कडेने जळत असतो, काळे कपटे उडत असतात, आणि तो गडी शांतपणे नळी फिरवतोय. हातात काचेचा आकार थेट जाणवतो असं दुसरं कुठलंच हत्यार नाही म्हणतात.

आता इथे लक्ष द्या. हा गडी बाकावर बसलाय, डाव्या हाताने नळी बाकाच्या कडेवर पुढे-मागे फिरवतोय, उजव्या हातात कागद किंवा तो मोठा चिमटा, ज्याने भांड्याची मान आवळतात. मग फुंकतंय कोण? त्याचं तोंड तर चार-पाच फूट लांब आहे नळीच्या टोकापासून! तर फुंकायला दुसरा एक जण नळीच्या टोकाशी गुडघ्यावर बसलेला असतो, बऱ्याचदा टीममधला ज्युनिअर पोरगा. बाकावरचा म्हणतो फुंक, तो फुंकतो, म्हणतो बस, तो थांबतो. इटलीत "सोफ्या" म्हणून आवाज टाकतात. म्हणजे आपण ज्याला मोठ्या आदराने काच फुंकणारा कलाकार म्हणतो तो मोठ्या कामात बरेचदा फुंकत नसतोच.

मग भांड्याचं तोंड करायचं असतं, पण तोंडाच्या बाजूला तर नळी चिकटलेली. म्हणून तिसरा माणूस एका भरीव सळईच्या टोकावर थोडी गरम काच घेऊन येतो आणि ती भांड्याच्या बुडाला चिकटवतो. मानेवर पाण्याचा एक थेंब, नळीवर एक टिचकी, आणि भांडं नळीवरून सुटून सळईवर आलं. हा क्षण बघण्यासारखा असतो, सगळे गप्प होतात. सळई फार गरम लागली तर बुडाचा तुकडा घेऊनच निघते, फार गार लागली तर भांडं खाली पडतं. मग तोंड परत भट्टीत तापवून चिमट्याने उघडायचं, शेवटी सळईवर ठोका देऊन भांडं सोडवायचं आणि चौथा माणूस, अंगात जाड कोट आणि हातात मोठे हातमोजे, ते धरून पळत पळत पाचशे डिग्रीच्या दुसऱ्या भट्टीत ठेवतो. तिथे ते तासन्‌तास, जाड असेल तर दिवसेंदिवस, हळूहळू गार होतं. का, तर बाहेरची काच आधी आवळली आणि आतली नंतर, तर आत ताण राहतो आणि भांडं मग महिन्याने रात्री दोन वाजता कपाटात आपोआप तडकतं. दोन रंगांच्या काचा एकत्र केल्या आणि त्यांचं आकुंचन-प्रसरण जुळत नसेल तरी हेच होतं.

तर चार माणसं झाली, आणि भट्टी राखणारा पाचवा.

मुरानोला हे सगळं फार पक्कं बसवलेलं आहे. मुरानो म्हणजे व्हेनिसच्या शेजारची छोटी बेटं. १२९१ साली व्हेनिसच्या सरकारने हुकूम काढला की शहरातल्या काचेच्या भट्ट्या तिकडे न्या, कारण आगीची भीती, शहरात लाकडी घरं. आगीचं कारण खरंच होतं, पण एकदा सगळे काचवाले एका बेटावर आले की त्यांच्यावर लक्ष ठेवणंही सोपं, हेही तेवढंच खरं. कारागिराने परवानगीशिवाय देश सोडायचा नाही असे कायदे होते. तरी पळालेच लोक. १६६५ च्या सुमारास फ्रान्सच्या राजाचा मंत्री कोल्बेअर, त्याने आरसे करणारे कारागीर फूस लावून पॅरिसला नेले तो किस्सा तर इतिहासात प्रसिद्धच आहे.

मुरानोच्या टोळीला पियात्सा म्हणतात. वर माएस्त्रो, म्हणजे उस्ताद, त्याच्या हाताखाली सेर्व्हेन्ते, आणि सगळ्यात खाली गार्झोने, पूर्वी दहा-अकरा वर्षांचं पोर असायचं जे झाडू मारायचं, पाणी आणायचं आणि बघायचं. शिकवायचं असं काही नव्हतंच, बघून बघून यायचं, आपल्याकडे घराण्यात गाणं यायचं तसंच थोडंफार.

तिथली नावं कोणाची टिकली? तर घराण्यांची. बारोव्हिएर हे घराणं तेराव्या शतकाच्या शेवटापासून काचेत आहे. त्यातला आंजेलो बारोव्हिएर, त्याने १४५० च्या दशकात क्रिस्ताल्लो, म्हणजे स्वच्छ बिनरंगाची काच काढली. त्याआधी काच म्हटलं की हिरवट पिवळट झाक यायचीच, वाळूतल्या लोखंडामुळे. ह्याने काय केलं, तर वाळूऐवजी नदीतले पांढरे गोटे दळून घेतले, सोड्यासाठी पूर्वेकडून येणारी झाडांची राख उकळून गाळून शुद्ध केली आणि रंग मारायला चिमूटभर मँगनीज. मी केमिस्ट्री शिकवायचो त्यामुळे मला ह्या माणसाबद्दल विशेष प्रेम आहे, लोहाचा हिरवा मँगनीजच्या जांभळ्याने मारायचा हे पिरियॉडिक टेबलच्या चारशे वर्षं आधी नुसत्या अंदाजाने! त्याची मुलगी मारिएत्ता, तिला १४८७ साली स्वतःची छोटी भट्टी लावायची परवानगी मिळाल्याची नोंद आहे. भट्टीपाशी बाईला जागा नसायची त्या काळात ही एक नोंद. बाकी बायका मणी करायच्या, मणी ओवायच्या, आणि त्यांची नावं शोधायला गेलात तर फारसं काही हाताला लागत नाही.

मुरानोच्या करामती सांगत बसलो तर रात्र होईल म्हणून एकच सांगतो, रेतिचेल्लो. आधी पांढऱ्या काचेची बारीक कांडी ओढायची. ती कशी, तर गरम गोळ्याच्या दोन टोकांना दोघांनी धरायचं आणि एकमेकांपासून उलट दिशेला चालत सुटायचं, वीस-तीस फूट, मधे काचेची तार बारीक होत जाते आणि जमिनीवर आडवी पडते. मग तिचे तुकडे तोडून शेजारी शेजारी मांडून, वितळवून त्यांचा बुडबुडा करायचा आणि पीळ द्यायचा, रेघा उजवीकडे तिरक्या. तसाच दुसरा बुडबुडा, रेघा डावीकडे तिरक्या. आणि मग एक बुडबुडा दुसऱ्याच्या आत घालून फुंकायचा. रेघांची जाळी तयार होते, आणि जाळीच्या प्रत्येक चौकटीत हवेचा एक बारीकसा थेंब अडकतो, मोहरीपेक्षा लहान, पण ओळीने, एकसारखा. हा थेंब कोणी घातलेला नसतो. रेघा जिथे उंच असतात त्यांच्यामधे हवा अडकते इतकंच. सोळाव्या शतकातले असे पेले म्युझियममधे आहेत, भिंग लावून बघितलं तर वेड लागायची पाळी येते, आणि खालच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, व्हेनिस, सोळावं शतक. बस. केलं कोणी? व्हेनिसने!

विसाव्या शतकात ह्यात एक नवीन पाहुणा आला, डिझायनर. १९२१ मधे पाओलो व्हेनिनी ह्या मिलानच्या वकिलाने भागीदारीत कारखाना काढला आणि बाहेरचे चित्रकार, आर्किटेक्ट आणायला सुरुवात केली. कार्लो स्कार्पा, पुढे मोठा आर्किटेक्ट झाला, तो १९३२ ते ४७ तिथे होता. फुल्व्हियो बियांकोनीचं ते रुमालासारखं भांडं, फात्सोलेत्तो, १९४८-४९ चं, रुमाल वरून सोडला आणि पडता पडता थिजला असं दिसतं, ते तुम्ही फोटोत पाहिलेलं असेल. आज लिलावात ह्या भांड्यांची किंमत ठरते ती बियांकोनी आणि स्कार्पा ह्या नावांवर. पण स्कार्पा काही बाकावर बसत नव्हता. तो भट्टीपाशी उभा राहून सांगायचा, आणि करायचे आर्तुरो बियासुत्तो, ज्याला सगळे बोबोली म्हणायचे, असे माएस्त्रो. बोबोलीचं नाव काचेच्या अभ्यासकांना माहिती आहे, लिलावात बोली लावणाऱ्या किती जणांना असेल मला शंका आहे. मी डिझायनरला कमी लेखत नाही हं, तो नसता तर बोबोली आजोबांच्या वेळचेच पेले करत राहिला असता. पण दोघं लागले ना?

अमेरिकेत बरोब्बर ह्याच्या उलट झालं आणि ते जास्त मजेशीर आहे.

हार्वी लिटलटन. ह्याचे वडील कॉर्निंग कंपनीत भौतिकशास्त्रज्ञ. १९१३ मधे त्यांनी बॅटरीच्या काचेच्या बरणीचं कापलेलं बूड घरी आणलं आणि त्यात त्यांच्या बायकोने, बेसीने, ओव्हनमधे केक भाजला, आणि त्यातून ओव्हनमधे चालणाऱ्या पायरेक्सच्या भांड्यांची कल्पना निघाली. तर अशा घरातला हा मुलगा, सिरॅमिक्स शिकवायचा. ह्याचं म्हणणं, काच फॅक्टरीत अडकलीय. कुंभार जसा एकटा आपल्या चाकावर बसतो तसा एकटा कलाकार आपल्या स्टुडिओत, आपल्या छोट्या भट्टीवर काच का नाही करणार? म्हणून १९६२ च्या मार्चमधे टोलेडो म्युझियमच्या आवारातल्या एका गॅरेजमधे त्याने वर्कशॉप घेतलं. भट्टी लावली, मसाला वितळवला, आणि काच कामाचीच होईना. मग डॉमिनिक लबिनो नावाचा एक संशोधक, तो फायबरग्लास उद्योगातला, त्याने आपल्याकडच्या काचेच्या गोट्या दिल्या वितळवायला, त्या वितळल्या. आता काच झाली, पण फुंकायची कशी? कलाकार सगळे शिकलेले, प्राध्यापक, पण नळी धरता येत नाही. शेवटी हार्वी लीफग्रीन म्हणून लिबी कारखान्यातून रिटायर झालेला एक जुना कामगार आला आणि त्याने नळी हातात घेऊन दाखवलं.

स्टुडिओ ग्लास चळवळीचा इतिहास लिहितात तेव्हा लिटलटनला जनक म्हणतात, आणि बरोबरच आहे, पण मला त्या गॅरेजमधला तो लीफग्रीन आठवतो. फॅक्टरीतून काच सोडवायला निघालेल्यांना फॅक्टरीतल्याच म्हाताऱ्याने हात धरून शिकवलं.

आणि पुढे लिटलटनच एकदा म्हणून गेला की तंत्र काय, स्वस्त गोष्ट आहे. त्यावर बरंच वादळ उठलं. पहिल्या काही वर्षांतल्या अमेरिकन स्टुडिओ काचेचे नमुने बघा, स्पष्ट बोलतो, जाड, लोंबलेले, वेडेवाकडे बुडबुडे आहेत. एकट्याने केलं की ते तसंच होणार.

डेल चिहुली हा लिटलटनचा विद्यार्थी. हा १९६८ मधे फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन व्हेनिनीच्या कारखान्यात गेला, तिथे त्याने ती पियात्सा बघितली आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की अरे, हे टीमने करायचं असतं. १९७१ मधे त्याने सिएटलच्या उत्तरेला जंगलात पिलचक ही शाळा सुरू केली, जमीन आणि पैसा हाउबर्ग दांपत्याचा. सुरुवातीला तंबू, पाऊस, आणि त्यात भट्टी. आणि ह्या शाळेने मुरानोहून उस्ताद बोलवायला सुरुवात केली.

१९७८ मधे केको ओंगारो आला आणि दुसऱ्या वर्षी त्याचा मेहुणा, लीनो तालियापिएत्रा. लीनो १९३४ चा, मुरानोतच जन्मलेला, अकरा-बाराव्या वर्षी भट्टीवर गार्झोने म्हणून लागला, एकविसाव्या वर्षी माएस्त्रो. म्हणजे अमेरिकेत गेला तेव्हा पंचेचाळिशीचा, इंग्रजी जवळजवळ नाही. त्याने पोरांसमोर ते सगळं उघड करून दाखवलं जे मुरानोत घराबाहेर जाऊ द्यायचं नव्हतं. मुरानोत लोक भडकले, घरची गुपितं वाटून आला म्हणून. आपल्याकडे एखाद्या खाँसाहेबांनी राखून ठेवलेली चीज क्लासमधे सगळ्यांसमोर गायली तर जे झालं असतं तेच.

पण नुकसान झालं का? मला नाही वाटत. सिएटल आज काचेचं मोठं केंद्र आहे. डान्टे मारिओनी, उंच सडपातळ सुरया करतो, त्याने लीनोला बघून हात बसवला. प्रेस्टन सिंगलटरी, हा अलास्काच्या ट्लिंगिट आदिवासींपैकी, काचेच्या स्टुडिओत रात्रपाळीचा वॉचमन म्हणून लागला आणि आज काचेत आपल्या लोकांच्या टोपल्या, टोप्या, पेटाऱ्यावरची चित्रं करतो, वाळूच्या फवाऱ्याने कोरून. व्हेनिसचं तंत्र आणि ट्लिंगिटांची गोष्ट. आणि लीनो स्वतः, जो मुरानोत आयुष्यभर दुसऱ्यांची डिझाईन करत आला असता, त्याने पन्नाशीनंतर स्वतःच्या नावाने भांडी केली, लांब मानेची, होडीसारखी, नव्वदीला टेकेपर्यंत. माएस्त्रोचा कलाकार झाला तो घर सोडल्यामुळे.

चिहुलीचं मात्र उलट. १९७६ मधे इंग्लंडमधे गाडीचा अपघात झाला, डावा डोळा गेला. डोळा एक राहिला की अंतराचा अंदाज जातो, गरम काच हातात असताना ते धोक्याचं. तीन वर्षांनी समुद्रात लाटांवर खेळताना खांदा निखळला. तेव्हापासून त्याने नळी ठेवली आणि लांब उभं राहून रंगाने मोठमोठी चित्रं काढून टीमला दाखवायला लागला. आज जगात काचेच्या क्षेत्रात सगळ्यात मोठं नाव हे, आणि काच फुंकतात दुसरे. लोक चिडतात, म्हणतात हा कसला कलाकार. मी चिडत नाही, पण मग एवढंच करा, भांड्याखाली चिहुली लिहा आणि त्याखाली त्या दिवशी बाकावर कोण होतं, नळीवर कोण होतं तेही लिहा. जागा किती लागते?

आता हे सगळं लांबचं झालं, पण आपल्याकडे काय? १९०८ साली तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. एकेक पैसा गोळा करून उभारलेला फंड, अंताजी दामोदर काळ्यांची धडपड, टिळकांचा पाठिंबा, आणि काच शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय. तिथे शिकलेली पोरं पुढे देशभर कारखान्यांत पांगली. मग कऱ्हाडजवळ ओगलेवाडी, ओगल्यांचा काच कारखाना, प्रभाकर कंदील. तुमच्यापैकी साठीच्या पुढच्या सगळ्यांच्या घरी तो कंदील होता. त्या काळी कंदिलाच्या चिमण्या साच्यात तोंडाने फुंकून व्हायच्या, म्हणजे तुम्ही अभ्यास केलात तो कोणाच्या तरी श्वासाने फुगलेल्या काचेच्या उजेडात. काळे, टिळक, ओगले, नावं आपल्याला पाठ आहेत. चिमणी फुंकणारा? एक नाव सांगा.

गुजरातमधे कपडवंजला काचेचे मोठे फुगे फुंकून आतून पारा चढवल्यासारखे चकचकीत करतात आणि मग फोडतात, त्याचे तुकडे म्हणजे कच्छी भरतकामातले आभले. थोडा बाक असतो ना त्या आरशाला, तो फुग्याचा बाक. फिरोजाबादला बांगड्यांसोबत दिव्यांच्या हंड्या आणि ख्रिसमसचे गोळे फुंकून परदेशी जातात. आणि आमच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटला ग्लास ब्लोइंग सेक्शन असायचा. कंडेन्सर तुटला, स्टॉपकॉक अडकला की मिस्त्रींकडे. ते ज्योतीवर बोरोसिलिकेटची नळी फिरवत, तोंडात रबरी नळीचं टोक धरून, मुलाने कागदावर काढलेलं भलतंच काहीतरी तासाभरात करून द्यायचे आणि वर सांगायचे, इथे जोड नको सर, व्हॅक्यूमला फुटेल. मी गाइड असताना मुलांना अट घालायचो, आभाराच्या पानावर आईवडिलांच्या आधी मिस्त्रींचं नाव. एकदोन आईवडील नाराज झाले.

चिठ्ठ्या आल्यात, पटकन घेतो.

"गाल आणि फुप्फुसांना त्रास होत नाही का?" फुंकण्याचा फार नाही, म्हटलं ना फुंकर छोटी असते. त्रास उष्णतेचा. भट्टीच्या उजेडाकडे वर्षानुवर्षं बघून मोतीबिंदू व्हायचा, त्याला काचवाल्यांचा मोतीबिंदू असं नावच होतं डॉक्टरांत. आता चष्मे वापरतात.

"हाताने केलेलं भांडं ओळखायचं कसं?" उलटं करा. बुडाला सळई तुटल्याची खूण असते, खरखरीत किंवा घासून गुळगुळीत केलेली वाटी. पण खूण नसली म्हणून मशीनचं असं नाही, साच्यात फुंकून वरची कड कापलेली असू शकते. साच्याची उभी रेघ बोटाला लागली तर मात्र विक्रेत्याला चार प्रश्न विचारा. मुरानो म्हणून बाजारात काय वाटेल ते विकतात, म्हणून तिथल्या प्रांत सरकारने १९९४ मधे शिक्काच काढला, तो बघा.

"मुरानोला कधी जावं?" ऑगस्टमधे नको, भट्ट्या बंद असतात. आणि २०२१-२२ मधे गॅस इतका महागला की कित्येकांनी एरवीही बंद ठेवल्या, भट्टी चोवीस तास जळते त्यामुळे बिल परवडेना. टूरवाले नेतात तिथे दोन मिनिटांत काचेचा घोडा करून दाखवतात, ते बघा आणि हसून बाहेर या.

"इथे बसून बघता येईल का?" येईल की. अमेरिकेतल्या कॉर्निंग काच म्युझियमची भट्टी यूट्यूबवर लाइव्ह असते, बाहेरचे कलाकार येतात आणि म्युझियमची टीम त्यांच्यासाठी काम करते. मला ते का आवडतं, तर निवेदक सुरुवातीलाच सगळ्यांची ओळख करून देतो, बाकावर अमुक, नळीवर अमुक, दार उघडायला अमुक. रात्री जेवण झालं की लावा. पहिल्या पंधरा मिनिटांत कंटाळाल, नुसता गोळा फिरतोय असं वाटेल, तिथे बंद करू नका, सळईवर घेतात तो भाग अजून यायचा असतो. चला, चहा गार होतोय असा निरोप आलाय.